सावलीतला गड्डा

१

सकाळची भांडी मी खिडकीपाशी घासते आणि घासता घासता शेजारी काय चाललंय ते बघते. लोक याला भोचकपणा म्हणतात. भांड्यांकडे बघून भांडी घासणारी एक तरी बाई मला आणून दाखवा, मग बोलू.

खिडकीतून दिसते ती आमच्या आणि घड्याळवाल्यांच्या घरांमधली जागा. मध्ये कमरेएवढी भिंत, भिंतीच्या अलीकडे आमची चिंचोळी पट्टी, पलीकडे त्यांची. दोन्हीकडे ऊन म्हणून कधी पोचत नाही. आमच्या पट्टीत आजवर शेवाळ, एक फुटकी बादली आणि आमच्या ह्यांचे बागकामाचे बेत एवढंच वाढलं. त्यांच्या पट्टीत मात्र नेचे. कंबरेला लागतील असे, हिरवेगार, पिसासारख्या पानांचे. नर्सरीवाला त्यांना फर्न म्हणतो आणि दुप्पट भाव सांगतो.

घड्याळवाले पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करतात. बोलतात फार हळू. जन्मभर श्वास धरून बारीक चाकं बसवलेली, त्यामुळे जोरात बोललं की काहीतरी उडून कपाटाखाली जाईल अशी धास्ती त्यांच्या आवाजात कायमची बसली आहे. एकदा मी भिंतीवर कोपरं टेकून त्यांना विचारलं होतं, "याला फूल येतं का हो?"

"नाही वहिनी."

"फळ?"

"नाही."

"मग लावायचे कशाला?"

"बघायला," ते म्हणाले. बघण्यासाठी बघणं मला लगेच पटलं.

त्यांचे नेचे बारमाही हिरवे राहणाऱ्यांतले नाहीत. गारठा सुरू झाला की पिवळे पडतात, मग तपकिरी, मग कोलमडतात. दुसरा कोणी असता तर कात्रीने साफ करून मोकळा झाला असता. घड्याळवाले एकेक वाळकं पान हाताने मोडून मधल्या गड्ड्यावर अलगद घालतात. वरून पालापाचोळ्याचं खत. शेवटी तळहाताने थोपटतात. लहान मूल निजवताना थोपटतात ना, तसं.

"मेलं की हो हे," मी म्हटलं होतं.

"नाही, नाही. मिटलंय." आणि हळूच पुढे म्हणाले, "पांघरूण लागतं त्याला. वरचं सगळं गेलं तरी चालतं. गड्डा शाबूत हवा."

थंडी ओसरली की त्या गड्ड्यातून गोल गुंडाळ्या वर येतात, घड्याळातल्या स्प्रिंगसारख्या घट्ट. वरून तपकिरी पापुद्रे, रुपेरी लव. मग रोज थोडी थोडी मान वर करत उलगडतात. छान दिसतं. तरी मला ते बघताना दर वेळी वाटायचं की त्या गुंडाळ्या आधी माझ्याकडे बघतात, मगच उलगडतात. पण मी जे बघते ते मला बघतंय असं मला नेहमीच वाटतं. आमचे हे म्हणतात, तो माझ्या स्वभावाचा परिणाम आहे.

२

घड्याळवाल्यांची आई म्हणजे गल्लीची आजी. हाडापेराने बारीक, जिभेने धारदार. नेच्यांशेजारी वेताची खुर्ची टाकून बसायची आणि भिंतीपलीकडे आमच्या सासूबाईंशी गप्पा मारायची. गप्पा म्हणजे दोघी मिळून माझ्या स्वयंपाकाचं शवविच्छेदन करायच्या. मी तीन हातांच्या अंतरावर भांडी घासत ऐकत असायचे.

थंडी आली की आजी दिसेनाशी व्हायची. कुठे गेल्या विचारलं की घड्याळवाले म्हणायचे, "उबदार हवेच्या ठिकाणी. नात्यातलेच आहेत."

आता बघा. या गल्लीत कोणाकडे गॅसची टाकी आली, कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या पाहुण्याने जाताना पिशवी भरून नेली, हे मला ठाऊक असतं. तर मग एक म्हातारी सामानसुमान घेऊन दर वर्षी परगावी जाते आणि मला तिची साधी रिक्षासुद्धा दिसत नाही?

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मला वेगळाच संशय येतो. त्यांनी आजींचं काही बरंवाईट केलं नसेल ना? ते थोपटणं मला काही बरं वाटत नाही."

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दर वर्षी?"

"म्हणजे?"

"दर वर्षी मारतो आणि थंडी संपली की परत आणून खुर्चीत बसवतो? अगं, एवढा उद्योगी मुलगा मला का नाही मिळाला?"

आतून हे म्हणाले, "मला ऐकू येतंय."

सासूबाईंचं म्हणणं बरोबर होतं. आजी यायची. एका सकाळी मी नळ सोडते तर ती खुर्चीत बसलेली. फक्त बसायची विचित्र. हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांभोवती. दुसऱ्या दिवशी मान जराशी वर. पुढच्या काही दिवसांत खांदे, मग पाठ, आणि मग एकदम पूर्वीसारखी ताठ. पूर्वीपेक्षा ताठच. मी मनाशी म्हटलं, प्रवासाने अंग आखडतं. आमचे हे दोन तास बसमध्ये बसले तर उतरताना कण्हतात.

एकदा मात्र मी मुद्दाम पलीकडे गेले आणि बोलता बोलता आजींच्या मानेवरचं काहीतरी झटकलं. पातळ, तपकिरी पापुद्रे होते. कांद्याच्या सालीसारखे. बोटांना चिकटले.

"कोंडा झालाय हो आजी तुम्हाला," मी म्हटलं.

"गळतील आपोआप," आजी म्हणाल्या.

घरी येऊन मी साबणाने हात धुतले. मग पुन्हा धुतले. कोंडा होता म्हणून.

३

त्या वर्षी सासूबाईंच्या छातीने दगा दिला. जिना चढताना मध्येच थांबायच्या आणि भिंतीवरच्या रंगात काहीतरी बघितल्यासारखं करायच्या, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. डॉक्टरांनी तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "यंदाची थंडी जपा."

त्यांनी ते ज्या तऱ्हेने म्हटलं त्यावरून मला समजायचं ते समजलं. ह्यांना मी फक्त 'जपा' एवढंच सांगितलं. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि जे राहत नाही ते आधी डोळ्यांतून बाहेर येतं.

खरं सांगायचं तर लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंचं आणि माझं एक दिवसही पटलेलं नाही. मीठ कमी, मीठ जास्त, पडदे कसले लावलेस, दाराला घंटी कशाला, कडी आहे ना, पाहुण्यांपुढे फार बोलतेस. पण सबंध घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून मग त्याला उलट उत्तर देणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे त्या. हे 'हं' म्हणतात. 'हं'शी संसार होतो, भांडण होत नाही. सासूबाई गेल्या तर मी दिवसभर बोलायचं कोणाशी?

मग आजी आणि सासूबाईंची भिंतीपाशी कुजबुज सुरू झाली. मी नळ बंद करून ऐकायचा प्रयत्न केला. नळ बंद झाला की त्या गप्प व्हायच्या. मी नळ सोडून ऐकायचा प्रयत्न केला, तर पाण्याच्या आवाजात फक्त तुकडे.

"...दुखत नाही गं. पहिल्यांदा थोडं गार लागतं."

"आणि जेवण?"

"लागतच नाही."

"मग सुनेच्या हातचं खायला नको." आणि दोघी खिदळल्या.

संध्याकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, "यंदा मी आजींबरोबर जाणार. उबदार हवेच्या ठिकाणी. थंडीपुरतं."

"पत्ता?" ह्यांनी विचारलं.

"घड्याळवाल्याला माहीत आहे."

"फोन?"

"तिथे फोन नसतो. शांतता असते."

"मग आई, तू तिथे करशील काय?" ह्यांनी अगदी मनापासून विचारलं.

हे आत गेल्यावर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. पकड अजून मजबूत होती. "हे बघ, त्याला काही सांगायचं नाही. तू सगळं बघतेसच, तर बघत राहा. पण हात लावायचा नाही."

"कशाला?"

"कशालाच," त्या म्हणाल्या.

४

जायच्या दिवशी त्यांनी मला औषधाच्या दुकानात पिटाळलं. बाम संपलाय म्हणाल्या. मी म्हटलं, कालच आणलाय. म्हणाल्या, प्रवासाला आणखी एक हवा. हे कामावर गेलेले.

दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथल्या बाईशी मी फार बोलत बसले नाही, तिच्या जावयाचा विषय निघाला होता तरी. म्हणजे बघा मी किती लवकर आले असेन.

घरात कोणी नव्हतं. सासूबाईंची पिशवी दारात भरलेली तशीच. चपला जोडीने लावलेल्या. चष्मा घडी करून पिशवीवर.

मी खिडकीत गेले. आमच्या पट्टीतली फुटकी बादली कोणीतरी बाजूला सरकवली होती आणि तिथे नवा गड्डा लावलेला होता. चांगला टोपलीएवढा. त्यावर वाळकी पानं मोडून घातलेली, वर पालापाचोळ्याचं खत. घड्याळवाले गुडघ्यांवर बसून थोपटत होते.

"आई कुठे?" मी विचारलं.

"निघाल्या," ते म्हणाले.

"चपला इथे आहेत."

घड्याळवाल्यांनी हात पुसले. भिंतीवरून पाय टाकून पलीकडे गेले आणि तिथून म्हणाले, "पाणी फार नको, वहिनी. गड्ड्यावर तर मुळीच नको. कुजतं."

आता माझं शिक्षण बेताचं असलं तरी डोकं ठिकाणावर आहे. मी विचार केला. मागच्या बोळातून रिक्षा आली असेल. नव्या चपला घातल्या असतील. चष्मा विसरल्या असतील, विसरतातच. आणि पिशवी? पिशवीही विसरल्या. चष्मा नसल्यामुळे दिसली नसेल. इतकं सगळं व्यवस्थित जुळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी हे आले. "आई गेली का नीट?"

"गेल्या."

"आणि हे काय लावलंय आपल्या पट्टीत?"

"नेचा आहे. शेजाऱ्यांनी दिला."

ह्यांचे डोळे चमकले. बागकामाचे बेत असलेल्या माणसाला अखेर एक झाड मिळालं होतं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी पिशवी पलंगाखाली सारत होते.

५

थंडीत घर फार शांत झालं. मी मुद्दाम एक दिवस मीठ जास्त घातलं. हे म्हणाले, "छान झालंय."

मग मी खिडकीतून बोलायला लागले. कोणाशी असं नाही. आपलं सहज. शिंपीणबाईंनी नवा पडदा लावलाय आणि तो भयंकर आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गाडी घेतली पण त्यांना मागे घेता येत नाही. नळाचं पाणी कसलं गार असतं, हात बधिर होतात. आणि बोलून झालं की मी थांबायचे. कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं.

एका दुपारी मी सांगत होते की सासूबाईंचा जुना स्वेटर मी उसवून त्याचा मफलर करणार आहे. वारा अजिबात नव्हता. गड्ड्यावरचं एक वाळकं पान जरासं उचललं गेलं आणि खाली बसलं. पुन्हा उचललं, बसलं. कोणी झोपेत नाराजीने श्वास सोडावा तसं.

उंदीर असेल, मी म्हटलं. किंवा मांजर. किंवा मांजराने धरलेला उंदीर.

स्वेटर मी घडी करून कपाटात ठेवला.

६

हवेतला गारठा जरा मोडला त्या आठवड्यात मी माझ्या बहिणीकडे गेले होते. तिच्या घराला रंग द्यायचा होता आणि रंग देणाऱ्यांवर लक्ष ठेवायला तिच्या घरात कोणी नाही. परत आले तर हे दारातच उभे, नखांत माती, चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं तेज.

"एक गंमत केलीय," हे म्हणाले. "मागे चल."

आमच्या ह्यांची गंमत म्हटली की माझ्या छातीत धस्स होतं.

पट्टीत गड्डा होता. पण टोपलीएवढा नव्हता. वाटीएवढा होता. आजूबाजूची माती उकरलेली, फावडं भिंतीला टेकवलेलं.

"बाकीचा कुठे आहे?" माझा आवाज मला दुसरीकडून ऐकू आला.

"फोडला! नर्सरीवाल्याला विचारलं मी. तो म्हणाला, गड्डा एवढा दाट झाला की कोंब उघडायच्या आत फोडायलाच हवा, नाहीतर मधून पोकळ होतो. चांगला चिवट होता गं. फावड्यावर उभा राहिलो तेव्हा कुठे कटकन् सुटला."

"उभे राहिलात?"

"दोन्ही पायांनी! आणि आपल्याला एवढ्याचं काय करायचंय? म्हणून वाटले. एक तुकडा दातांच्या डॉक्टरीणबाईंना, एक शिंपीणबाईंना. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, म्हणजे सुकू नयेत. किती खूष झाल्या! आणि एक नर्सरीवाल्याने नेला. म्हणाला, जात दुर्मीळ आहे. वाढवून विकता येईल."

मी पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस काय?" हे गोंधळून म्हणाले. "अगं, झाड फोडल्याने मरत नाही. उलट वाढतं."

७

घड्याळवाल्यांकडे मी पुढच्या दाराने गेले. इतक्या वर्षांत भिंत सोडून पुढच्या दाराने गेल्याची ती पहिलीच वेळ, त्यावरूनच ते दचकले. डोळ्याला भिंग लावलेलं होतं. ऐकताना ते काढायचं त्यांना सुचलं नाही. भिंगाआडचा तो एक मोठा डोळा माझ्याकडे बघत राहिला.

"तुकडे किती?" त्यांनी विचारलं.

"आमचा धरून चार."

"कोणता तुकडा कुठे गेला, खालचा वरचा, काही कळेल?"

"ह्यांना विचारलं. म्हणाले, सगळे सारखेच दिसत होते."

खोलीतली सगळी घड्याळं आपापल्या मताने टिकटिकत होती.

"आई जगतील का एवढं सांगा," मी म्हटलं. "अर्ध्यामुर्ध्या चालतील मला. पाव चालतील. आयुष्यभर बडबड ऐकलीय, पाव आवाजातही ओळखेन."

"वहिनी," ते इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं, "तुकडा म्हणजे पाव नसतो. तुकडा म्हणजे पूर्ण."

"म्हणजे?"

"आणा परत. उलगडायच्या आत."

आता दिलेली वस्तू परत मागण्यासारखं लाजिरवाणं काम जगात दुसरं नाही. शिंपीणबाईंकडे गेले. म्हटलं, तो नेचा जरा... त्या म्हणाल्या, "अहो, किती सुरेख जागा मिळालीय त्याला! या, बघा तरी." मी म्हटलं, त्याला कीड आहे. त्या म्हणाल्या, मी फवारते. मी किंचाळले, "फवारू नका!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेची बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार हे मी ओळखलं. अशा बातम्या नेहमी मी पोचवते, म्हणून वेग माहीत आहे.

नर्सरीवाल्याने तर हात जोडले. "ताई, त्याचे मी पुढे तुकडे केले पण. छोट्या कुंड्यांत लावले. काही गेले सुद्धा."

"गेले म्हणजे मेले?"

"विकले गेले," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंकडे जाण्यासाठी मी दाढ दुखवून घेतली. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्यांनी तो लावला होता. त्यांना आत कोणाची तरी कवळी बसवायची होती, म्हणून त्या म्हणाल्या, तुम्हीच बघा.

मी उकिडवी बसले. आतून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता. वाळक्या पानांखालून एक गुंडाळी वर आली होती. मुठीएवढी. नेच्याच्या इतक्या जाड गुंडाळ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. वर रुपेरी लव. ती लव मधोमध दोन्हीकडे वळलेली होती, नीट, भांग पाडल्यासारखी.

वारा येत असेल तसा, मी म्हटलं. केसाळ वनस्पतींना पडतही असेल भांग.

मग मला बामचा वास आला.

दवाखाना आहे, मी म्हटलं. दवाखान्यात येतात असले वास.

मी दोन्ही हात मातीत घातले. उपटायचंच असं ठरवलं होतं. बोटं गड्ड्याखाली गेली आणि गड्ड्याखालून काहीतरी माझ्या मनगटाभोवती आलं. मूळ असेल. पकड चांगली मजबूत होती. आणि गुंडाळीच्या आत, अगदी खोल, कोणीतरी घसा साफ केला. बोलायच्या आधी करतात तसा.

माझी दाढ खरोखरच दुखायला लागली. मी घरी पळाले.

८

पुढचे काही दिवस हवा उबदार झाली. मी खिडकीशी उभी राहून आमच्या पट्टीतल्या वाटीएवढ्या गड्ड्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो, हा आमच्या अंगणातला, हा आमचा, असं मी स्वतःला बजावत होते. आणि नेमकी एका सकाळी मी दुधाकडे बघायला वळले.

"आई आली!" हे बाहेरच्या खोलीतून ओरडले. "अगं ये, आई आली बघ!"

सासूबाई आरामखुर्चीत होत्या. हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी. ह्यांनी त्यांच्या अंगावर शाल घातली होती आणि प्रवास कसा झाला, हवा कशी होती, जेवण कसं होतं, असे प्रश्न ते एकामागोमाग विचारत होते. उत्तराची वाट त्यांनी कधीच बघितली नाही, त्यामुळे त्यांना काही खटकलं नाही.

मी जवळ गेले. मानेवर पापुद्रे होते, ते पदराने पुसले. कान लावून श्वास ऐकला. छातीत घरघर नव्हती. स्वच्छ, खोल, ओल्या मातीच्या वासाचा श्वास. थंडी सरली होती आणि माझ्या सासूबाई घरात होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच खाली बसून त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडले.

"पुरे," हनुवटीखालून आवाज आला. त्यांचाच. "दूध उतू गेलं."

खरंच गेलं होतं. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. मी ओटा पुसत होते तेवढ्यात फोन वाजला.

"ऐका ना," डॉक्टरीणबाई बोलत होत्या, "तुमच्या सासूबाई आमच्याकडे बसल्यात. मागच्या दाराने कधी आल्या कळलंच नाही. मान आखडलीय वाटतं. पायात चपला नाहीत. नंबर न लावता मला आधी घ्या म्हणतायत, बाकीचे पेशंट चिडलेत. न्यायला येता का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थांबा, त्यांनाच बोलायचंय."

फोनमध्ये घसा साफ झाला. मग तो आवाज आला, तोच, तितकाच नाराज, पाव नाही, पूर्ण. "सूनबाई. घरात कोणाला घेऊन बसलीस?"

मी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. आरामखुर्चीतल्या सासूबाईंनी मान थोडी वर केली होती. डोळे माझ्यावर होते.

"ठेव तो फोन," त्या म्हणाल्या.

"कोण आहे गं?" ह्यांनी विचारलं.

"राँग नंबर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

सासूबाईंनी समाधानाने डोळे मिटले. हे शाल नीट करायला वाकले. आणि मागच्या दाराची कडी वाजली. मग पुढच्या दाराची. आमच्या दोन्ही दारांना घंटी आहे, आणि ती सोडून कडी वाजवणारं माणूस आमच्या ओळखीत एकच आहे.